हद्दीपलीकडचे मूल : मुलांच्या ताब्याचे वाद आणि न्यायालयांची कक्षा (१८२८ ते २०२२)

प्रस्तावना

परदेशात राहणाऱ्या भारतीय दांपत्याचे बिनसते, दोघांपैकी एक जण मुलाला घेऊन मायदेशी परततो, मागे राहिलेला दुसरा तिकडच्या न्यायालयातून मुलाच्या ताब्याचा हुकूम मिळवतो आणि तो हुकूम घेऊन भारतीय न्यायालयाचे दार ठोठावतो. गेल्या चार दशकांत अशा वादांवर सर्वोच्च न्यायालयाने व निरनिराळ्या उच्च न्यायालयांनी अनेक निर्णय दिले आहेत. कायद्याच्या ग्रंथांत या विषयाची सुरुवात बहुधा १९८४ च्या संधू खटल्यापासून केली जाते. ही सुरुवात सोयीची असली तरी इतिहासाच्या दृष्टीने अपुरी आहे. मूल एका न्यायालयाच्या हद्दीबाहेर असेल तर त्याच्यासाठी दाद कोठे मागावयाची, हा प्रश्न महाराष्ट्रात पेशवाईच्या अस्तानंतर अवघ्या दहा वर्षांत उभा राहिला होता आणि त्याने मुंबईचे सुप्रीम कोर्ट काही काळ बंद पाडले होते.

त्या प्रसंगापासून अलीकडच्या निर्णयांपर्यंतचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. अहमदनगर जिल्ह्याचा (२०२४ पासून अहिल्यानगर) उल्लेख त्यात वारंवार येतो, तो केवळ स्थानिक जिव्हाळ्यामुळे नव्हे. कायद्याचा हात कोठवर पोहोचतो हे राजधानीच्या शहरात कळत नाही. ते घाटावरच्या जिल्ह्यात कळते. मूल कोणाच्या ताब्यात द्यावे याविषयीची तत्त्वे जवळजवळ दोनशे वर्षांत पुष्कळ बदलली. बापाच्या हक्काची जागा मुलाच्या हिताने घेतली. परंतु कोणत्या न्यायालयाचा शब्द मुलापर्यंत पोहोचतो आणि तो पोहोचेपर्यंत किती काळ लोटतो, हे दोन प्रश्न फारसे बदललेले नाहीत. ज्याच्या घरात मूल आहे त्याच्या बाजूने काळ काम करीत असतो, ही गोष्ट या सर्व खटल्यांतून ठळकपणे पुढे येते.

मोरो रघुनाथ प्रकरण : घाटावर न पोहोचलेला हुकूम

मुंबईच्या सुप्रीम कोर्टाची स्थापना १८२३ च्या सनदेने झाली आणि १८२४ मध्ये त्याचे काम सुरू झाले. हे कोर्ट इंग्लंडच्या राजाचे होते, तर घाटावरचा मुलूख कंपनी सरकारच्या अदालतींखाली होता. एकाच सत्तेच्या या दोन न्यायव्यवस्थांची हद्द कोठे संपते व कोठे सुरू होते, हे कागदावर स्पष्ट नव्हते. ते स्पष्ट व्हावयास एक चौदा वर्षांचा मुलगा निमित्त झाला.

मोरो रघुनाथ हा ब्राह्मण मुलगा पुण्यात आपले वडीलधारे आप्त पांडुरंग रामचंद्र ढमढेरे यांच्याकडे राहत होता. ढमढेरे हे पेशवाईत मान असलेले गृहस्थ होते. मुलाला तेथे त्याच्या हिताविरुद्ध अडकवून ठेवले आहे, अशी तक्रार घेऊन दुसऱ्या बाजूचे नातलग १८२८ मध्ये मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले आणि कोर्टाने मुलाला हजर करण्यासाठी हेबिअस कॉर्पसचा हुकूम काढला. त्याच सुमारास ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश नावाच्या कैद्यासंबंधीही असाच हुकूम निघाला होता.

गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना हे रुचले नाही. दक्षिणेचा मुलूख जिंकून दहाच वर्षे झाली होती. मुंबईच्या शेरीफचे शिपाई पुण्यातील मानकऱ्यांच्या वाड्यांत शिरू लागले तर सरकारचा दरारा राहणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ऑक्टोबर १८२८ मध्ये त्यांनी न्यायाधीशांना पत्र लिहून असे हुकूम घाटावर पाठवू नयेत असे सुचविले. कार्यकारी सत्तेने न्यायाधीशांना असे सुचविणे हाच अधिक्षेप आहे, असे न्यायाधीशांनी मानले. मुख्य न्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट यांचे ऑगस्टमध्येच निधन झाले होते. सर चार्ल्स चेंबर्स ऑक्टोबरमध्ये वारले. उरले एकटे सर जॉन पीटर ग्रँट. त्यांचा हुकूम पुण्यात कोणी बजावू दिला नाही, तेव्हा १ एप्रिल १८२९ रोजी त्यांनी कोर्टाचे कामकाजच थांबविले.

या वादावर लंडनमध्ये प्रिव्ही कौन्सिलने जून १८२९ मध्ये निर्णय दिला. मुंबई शहराच्या हद्दीबाहेर राहणाऱ्या आणि व्यक्तिशः त्या कोर्टाच्या अधिकाराखाली नसलेल्या माणसावर असा हुकूम काढण्याचा सुप्रीम कोर्टास अधिकार नाही, असे ठरले. लॉर्ड एलेनबरो यांनी तर ग्रँट यांच्या दोन्ही बाजूंना नवे न्यायाधीश नेमताना, रानहत्तीला दोन माणसाळलेल्या हत्तींच्या मध्ये उभे केल्याची उपमा वापरली. ते खासगी पत्र पुढे प्रसिद्ध झाले आणि त्यावर बराच गदारोळ उडाला.

इतिहासकारांनी हे प्रकरण सामान्यतः न्यायसंस्था विरुद्ध कार्यकारी सत्ता अशा चौकटीत मांडले आहे आणि ती चौकट चुकीची नाही. मात्र या गदारोळात मुलगा दिसेनासा होतो. त्याला काय हवे होते, तक्रार खरी होती काय, त्याची प्रकृती कशी होती, यांपैकी एकाही प्रश्नाची चौकशी कोणत्याही न्यायासनासमोर झाली नाही. सगळा युक्तिवाद हद्दीचा झाला. निर्णय लागेपर्यंतचे महिने मुलगा होता तेथेच राहिला. १८२९ च्या या निर्णयाचा अर्थ पुण्यापुरता मर्यादित नव्हता. नगर, खानदेश, सोलापूर अशा सर्व मुफसल प्रदेशातील मूल आता मुंबईच्या हेबिअस कॉर्पसच्या पलीकडे गेले होते.

श्रीपत शेषाद्री : हद्दीच्या आतील मूल

या हद्दीचे महत्त्व किती, हे १८४३ मध्ये उलट बाजूने दिसले. नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाने त्या वर्षी मुंबईत स्कॉटिश मिशनऱ्यांकडे ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्याचा धाकटा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही रेव्ह. रॉबर्ट नेस्बिट यांच्या आश्रयास जाऊन राहिला. घरच्यांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. नेस्बिट यांचे घर मुंबईतच असल्यामुळे यावेळी हद्दीचा प्रश्न उद्भवला नाही. हुकूम निघाला, मुलगा हजर झाला आणि कोर्टाने त्याला घरच्यांच्या स्वाधीन केले. सर अर्स्किन पेरी यांच्या निवाडेसंग्रहात नोंदलेला हा खटला पुढे अनेक दशके आधार म्हणून दाखविला जात असे. मुलाची समज किती पक्व आहे याच्या खोलात न शिरता बापाचा ताब्याचा हक्क मान्य करावयाचा, ही त्या काळच्या इंग्रजी कायद्याचीच रीत होती.

कोर्टाने मुलगा बापाला दिला. घराला परत देणे मात्र कोर्टाच्या हाती नव्हते. मिशनऱ्यांच्या घरी अन्नपाणी घेतलेल्या मुलाला पंक्तीत घ्यावे कसे, यावर मुंबईच्या ब्राह्मणवर्गात तट पडले. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ताब्याचा निकाल आणि मुलाचे प्रत्यक्ष पुनर्वसन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसाव्या शतकातील न्यायाधीशांना जे हळूहळू उमगले, ते बाळशास्त्र्यांना १८४३ मध्येच कळले होते असे म्हणावयास हरकत नाही.

नगर जिल्हा आणि १८९० चा अधिनियम

अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती यांच्या धर्मांतराने शहरात खळबळ उडाली. अशा धर्मांतरानंतर बायकामुले कोणाकडे राहावयाची हा प्रश्न घरोघर निर्माण होई. शेषाद्री प्रकरणासारखा हुकूम मात्र नगरच्या कुटुंबाला मुंबईहून मिळू शकत नव्हता. येथील पक्षकाराला जिल्हा न्यायालयाचा नेहमीचा, संथ मार्गच उपलब्ध होता.

कायदाही हळूहळू बदलत होता. १८५० च्या एकविसाव्या अधिनियमाने धर्म किंवा जात सोडल्यामुळे मालमत्तेचे हक्क बुडत नाहीत असे ठरविले. याच विचाराच्या आधारे, धर्मांतरामुळे बापाचा पालकत्वाचा हक्कही आपोआप संपत नाही, असा अर्थ न्यायालये लावू लागली. पुढे पालक व पाल्य अधिनियम १८९० मध्ये आला. पालक नेमताना अज्ञानाचे हित पाहावे आणि मूल पुरेसे मोठे असेल तर त्याची पसंती विचारात घ्यावी, असे कलम १७ सांगते. मात्र याच कायद्याच्या कलम १९ ने, बाप हयात असून अपात्र ठरत नसेल तर अज्ञानाच्या शरीरासाठी अन्य पालक नेमण्यास न्यायालयाला मनाई केली. एका हाताने मुलाचे हित पुढे केले आणि दुसऱ्या हाताने बापाचा हक्क राखला, असा हा कायदा होता.

नगर जिल्ह्याशी कायमचे नाव जोडले गेलेले रेव्ह. नारायण वामन टिळक यांच्या घरचे उदाहरण येथे बोलके आहे. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ते नगरच्या मिशनच्या कामात आले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर, आप्तांच्या आधाराने राहिल्या. लहानगा देवदत्त त्यांच्याजवळ होता. १८९० च्या कायद्याचे शब्द पाहिले तर बापाची बाजू भक्कम होती. तरीही हे प्रकरण न्यायालयाच्या पायरीवर गेले नाही. पुढे पतिपत्नी एकत्र आली आणि १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनीही दीक्षा घेतली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मधून या ताटातुटीची हकिगत मराठी वाचकाला परिचित आहे. कायद्याच्या इतिहासात नोंद न झालेल्या अशा तडजोडी किती असतील याची गणना शक्य नाही. निवाड्यांचे ग्रंथ वाचताना मात्र त्यांची आठवण ठेवावी लागते, कारण न्यायालयात येतात ती तुटलेलीच घरे असतात.

‘सामान्यतः राहते’ म्हणजे कोठे?

१८९० च्या कायद्यातील दुसरे एक कलम पुढे आंतरराष्ट्रीय वादांत निर्णायक ठरले. अज्ञान मूल जेथे ‘सामान्यतः राहते’ तेथील जिल्हा न्यायालयासच अर्ज ऐकण्याचा अधिकार आहे, असे कलम ९ सांगते. बैलगाडीच्या आणि आगगाडीच्या काळात ही भाषा पुरेशी वाटली असेल. बोटीने मूल विलायतेस गेले तेव्हा तिची परीक्षा झाली.

जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचे बंधू नित्यानंद यांच्या वडिलांनी, जी. नारायणय्या यांनी, १९१० मध्ये दोन्ही मुलांचे पालकत्व लेखी पत्राने ॲनी बेझंट यांना दिले. मुले इंग्लंडला गेली. वडिलांचे मन बदलले आणि १९१२ मध्ये त्यांनी चिंगलपुट जिल्हा न्यायालयात दावा लावला. तो मद्रास उच्च न्यायालयाकडे वर्ग झाला आणि १९१३ मध्ये वडिलांच्या बाजूने निकाल लागला. प्रिव्ही कौन्सिलने १९१४ मध्ये तो फिरविला. इंग्लंडात राहून शिक्षण घेणारी मुले चिंगलपुट जिल्ह्यात सामान्यतः राहतात असे म्हणता येत नाही, तेव्हा तेथील न्यायालयाला अधिकारच नव्हता, असे कौन्सिलने म्हटले. मुलांचे म्हणणे ऐकून घेतलेले नाही, ही त्रुटीही कौन्सिलने दाखविली.

मोरो रघुनाथ आणि बेझंट या प्रकरणांमध्ये पंचाऐंशी वर्षांचे अंतर आहे आणि दोन्हींत हद्दीचा मुद्दाच निर्णायक ठरला. फरक असा की १९१४ मध्ये निदान मुलांना काय वाटते, हे विचारण्याची गरज न्यायासनाने बोलून दाखविली.

हेबिअस कॉर्पसची १८२९ मध्ये आखली गेलेली रेषा त्या वेळीही पुसली गेली नव्हती. १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले, तरी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४९१ खालील हा अधिकार मूळ दिवाणी हद्दीपुरता, म्हणजे मुंबई शहरापुरताच होता. १९२३ च्या दुरुस्तीने तो अपिलीय हद्दीत पसरला. म्हणजे प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयानंतर चौऱ्याण्णव वर्षांनी नगरच्या रहिवाशाला हा उपाय मिळाला. १९५० मध्ये राज्यघटनेच्या अनुच्छेद ३२ व २२६ मुळे तो मूलभूत स्वरूपाचा झाला. १९८१ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे खंडपीठ आहे आणि नगर जिल्हा त्याच्या कक्षेत येतो. घाटाची हद्द अशा रीतीने संपली. तोपर्यंत मराठी माणूस समुद्रापार जाऊ लागला होता.

पुण्यातील घर आणि मिशिगनचा हुकूम

१९८४ च्या संधू खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी एक महत्त्वाचे सूत्र मांडले. इंग्लंडमध्ये संसार केलेल्या दांपत्यापैकी बापाने मुलाला पंजाबात आणले होते. ज्या देशात दांपत्याचे वैवाहिक घर होते आणि ज्याचा वादाशी सर्वांत निकटचा संबंध आहे, तेथील न्यायालयाने ताबा ठरवावा, असे त्यांनी म्हटले. मुलाला आईच्या स्वाधीन करण्यात आले.

दोनच वर्षांनी याच सूत्राची कसोटी महाराष्ट्रात लागली. दिनशॉ खटल्यातील पती पुण्याचा आणि पत्नी अमेरिकन. मिशिगनमधील न्यायालयाने १९८२ मध्ये घटस्फोट देताना मुलाचा ताबा आईकडे आणि भेटीचा हक्क वडिलांकडे दिला. जानेवारी १९८६ मध्ये भेटीच्या मुदतीत वडिलांनी सात वर्षांच्या मुलाला विमानात बसवून पुण्यास आणले. अमेरिकेत त्यांच्यावर वॉरंट निघाले. मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतील अधिकारी मुलाची विचारपूस करण्यास पुण्यातील घरी गेले, तेव्हा बाप मुलाला घेऊन उत्तरेकडे, बहुधा काश्मीरकडे, गेला असल्याचे आजीआजोबांनी सांगितले. आईने अनुच्छेद ३२ खाली थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. न्यायाधीशांनी मुलाशी स्वतंत्रपणे बोलून पाहिले आणि एवढ्या कोवळ्या वयात त्याला स्वतःचे मत ठरविता येणे शक्य नाही, असा निष्कर्ष काढला. नोव्हेंबर १९८६ मध्ये न्या. बालकृष्ण एराडी यांनी दिलेल्या निर्णयाने मुलगा आईबरोबर अमेरिकेस परतला.

मोरो रघुनाथही पुण्यातच होता. त्याच्यापर्यंत मुंबईचा हुकूम पोहोचू शकला नव्हता. या मुलापर्यंत दिल्लीचा हुकूम पोहोचला आणि तोही दहा महिन्यांच्या आत. वेग हे या निर्णयाचे खरे वैशिष्ट्य आहे. मुलगा पुण्यात रुजण्यापूर्वीच निकाल लागला, म्हणून त्याला परत पाठविणे न्यायाचे वाटू शकले.

जोशी विरुद्ध उंडे या मराठी कुटुंबातील खटल्यात नेमके उलट घडले. अमेरिकेत १९८३ मध्ये जन्मलेल्या मुलाला आईने १९८४ मध्ये, त्याचे वय वर्षाच्या आत असताना, मुंबईस आणले. ओक्लाहोमा राज्यातील न्यायालयाने ताबा वडिलांना दिला. पुढे वाद मुंबईच्या न्यायालयांत फिरत राहिला. उच्च न्यायालयाचा कौल वडिलांच्या बाजूने पडला. अमेरिकेतील शिक्षणाच्या संधींचा विचार त्यात होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९७ मध्ये तो निर्णय रद्द केला, तेव्हा मुलगा चौदा वर्षांचा होता. न्या. जगन्नाथ राव यांचा हा निर्णय या विषयावरील सर्वांत विचारपूर्ण निवाड्यांपैकी एक होय. मूल नुकतेच आणले असेल तर संक्षिप्त चौकशी करून परत पाठविता येईल. पण काळ लोटला असेल आणि मूल येथे स्थिरावले असेल तर त्याच्या हिताची सविस्तर चौकशी केलीच पाहिजे, परकीय हुकूम हा अनेक बाबींपैकी एक होय, असे त्यात सांगितले आहे. कॅलिफोर्निया व ओन्टारिओ यांच्यातील मॅकी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९५१ मध्ये घेतलेली भूमिका येथे आधाराला होती. श्रीमंत पालकाकडे मुलाचे हित आपोआप साधते असे नव्हे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

तत्त्व म्हणून हा निर्णय निर्दोष आहे. त्याच्या पोटातील विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. मूल स्थिरावले म्हणून ते हलवू नये, आणि ते स्थिरावले कारण खटला तेरा वर्षे चालला. अशा स्थितीत विलंब हा केवळ न्यायालयीन कामकाजाचा दोष राहत नाही, तो पुरावा बनतो. या विशिष्ट खटल्यात आईची बाजू न्याय्य होती यात शंका नाही. पण तेच सूत्र हाती धरून कोणीही पालक तारखा वाढवून घेऊ शकतो.

हेग करार आणि हेलकावणारा लंबक

या विलंबावर उपाय म्हणून २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे आंतरराष्ट्रीय बाल-अपहरणाच्या दिवाणी बाजूंसंबंधीचा करार झाला. तो डिसेंबर १९८३ पासून अमलात आला. ताबा कोणाला हे ठरवू नका, मूल जेथे नेहमी राहत होते त्या देशात ते तातडीने परत पाठवा, तेथील न्यायालय ठरवील, हे त्याचे मर्म आहे. अर्ज एका वर्षाच्या आत आल्यास परत पाठविणे हाच नियम. गंभीर धोका असल्यास अपवाद. शंभराहून अधिक राष्ट्रे या करारात आहेत. भारत नाही.

विधी आयोगाने मार्च २००९ मधील २१८ व्या अहवालात भारताने या करारात सामील व्हावे अशी शिफारस केली. ऑक्टोबर २०१६ मधील २६३ व्या अहवालात विधेयकाचा मसुदाही दिला. तरी निर्णय झाला नाही, आणि याचे कारण केवळ सरकारी दिरंगाई नव्हे. करार लिहिला गेला तेव्हा मूल पळविणारा म्हणून भेटीचा हक्क असलेला बाप डोळ्यांसमोर होता. प्रत्यक्षात जगभर अशा प्रकरणांत मुलाला घेऊन जाणाऱ्यांत मातांची संख्या मोठी निघाली आणि त्यांपैकी कित्येक जणी छळाला कंटाळून माहेरी परतलेल्या होत्या. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या, परक्या देशात स्वतःचे उत्पन्न नसलेल्या स्त्रीला ‘अपहरणकर्ती’ म्हणणे अनेकांना मान्य होण्यासारखे नव्हते. न्या. राजेश बिंदल समितीने एप्रिल २०१८ मध्ये दिलेल्या अहवालात या वादांसाठी स्वतंत्र प्राधिकरणाची कल्पना मांडली. तिचा कायदा झाला नाही.

त्यामुळे प्रश्न पुन्हा १८९० च्या अधिनियमावर येऊन थांबतो. समजा, संगमनेर किंवा श्रीरामपूर तालुक्यातील एखादी मुलगी सहा वर्षांच्या मुलाला घेऊन न्यू जर्सीहून माहेरी आली आणि महिन्याभरात तिने पालकत्वाचा अर्ज केला. ते मूल नगर जिल्ह्यात ‘सामान्यतः राहते’ काय? १९१४ च्या बेझंट निर्णयाच्या कडक वाचनाने उत्तर नकारार्थी येईल. माजू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मात्र परिस्थिती, हेतू आणि मुलाचे प्रत्यक्ष जीवन पाहून दिल्लीच्या न्यायालयाचा अधिकार मान्य केला. उलट बाजूने, वडिलांनी अमेरिकन हुकूम घेऊन नगरला यावे म्हटले तर तो हुकूम तेथील जिल्हा न्यायालयात सरळ अमलात येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ ची सोय पैशाच्या हुकूमनाम्यांपुरती आणि ठरावीक देशांपुरती आहे. त्याला खंडपीठात हेबिअस कॉर्पसचा अर्ज करावा लागतो. १८२८ मधील पक्षकाराने जे साधन वापरून पाहिले, तेच दोनशे वर्षांनी त्याच्या हाती उरते.

या साधनाचा वापर किती जोरकसपणे करावा याविषयी सर्वोच्च न्यायालयाची भूमिका लंबकासारखी हलत राहिली आहे. २००९ च्या रवीचंद्रन खटल्यात मूल अमेरिकेस परत गेले. २०१५ च्या सूर्या वदनन खटल्यात न्या. मदन लोकूर यांनी, आधी प्रभावी हुकूम दिलेल्या परकीय न्यायालयाचा मान राखावा, असे सांगितले. जुलै २०१७ मध्ये राघवन खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ही भूमिका बाजूला सारली. मूळचे पुण्याचे न्या. अजय खानविलकर यांनी लिहिलेल्या या निर्णयाने परकीय हुकूम पुन्हा ‘अनेकांपैकी एक बाब’ या स्थानी आणून ठेवला आणि मुलीला दिल्लीत आईजवळ राहू दिले. याच तत्त्वाचा उच्चार करून जानेवारी २०२० मध्ये साहू खटल्यात मात्र मूल अमेरिकेस परत पाठविण्यात आले. त्या निर्णयात न्या. दीपक गुप्ता यांनी दूर राहणाऱ्या पालकाला मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलता आले पाहिजे, यावर भर दिला. सूत्र एक, निकाल दोन. यामुळे वकिलांना पक्षकाराला सल्ला देणे अवघड होते हे खरे, परंतु मुलाचे हित हेच माप मानल्यावर प्रत्येक मुलाचे माप वेगळे भरणार, हे टाळता येण्यासारखे नाही. टाळता येण्यासारखा आहे तो वेळ. राघवन निर्णयाने हिताच्या चौकशीचे दार रुंद केले. ती चौकशी किती दिवसांत संपवावी याची मुदत मात्र आपल्या कायद्यात नाही. हेग करारात निदान सहा आठवड्यांनंतर विलंबाचे कारण विचारण्याची तरतूद आहे.

जानेवारी २०२२ मधील सेठी विरुद्ध भास्कर या निर्णयात मुंबई उच्च न्यायालयाची परंपरा लाभलेले न्या. अभय ओक यांनी आणखी एक गाठ सोडवून पाहिली. अमेरिकन नागरिक असलेल्या मुलाचे हित परत जाण्यात आहे असे न्यायालयाचे मत झाले, पण आईला भारतातच राहावयाचे होते. मुलाच्या हितासाठी प्रौढ स्त्रीला देश सोडून जाण्यास न्यायालय भाग पाडू शकत नाही, ते तिच्या खासगीपणाच्या हक्काचे उल्लंघन होईल, असे त्यांनी म्हटले. मुलाने जावे असा हुकूम झाला. त्याच्याबरोबर जावयाचे की नाही हा पर्याय आईवर सोपविण्यात आला, आणि ती गेल्यास तिच्या प्रवासाचा व तेथील राहण्याचा भार वडिलांवर टाकण्यात आला.